नोकरी लागली, पण कोणामुळे?

सिल्वासात कामाचा तुटवडा आहे असे कोणी म्हणणार नाही. ते ज्या अवघ्या ४९१ चौरस किलोमीटरच्या दादरा आणि नगर हवेलीत आहे, तिथे १९६५ साली पिपरिया येथे दान उद्योग सहकारी संघाने पहिली औद्योगिक वसाहत उभारली. पुढे मसाट आणि खडोली येथे सरकारी वसाहती झाल्या, ऐंशीच्या दशकात विक्रीकराची माफी मिळाली आणि सुताचे, प्लास्टिकचे, केबलचे, तांब्याचे कारखाने एकामागोमाग एक येत गेले. त्याचा परिणाम जनगणनेत स्पष्ट दिसतो. १९६१ साली या प्रदेशाची लोकसंख्या ५७,९६३ होती. २०११ साली ती ३,४३,७०९ झाली. २००१ ते २०११ या दशकातली सुमारे ५६ टक्क्यांची वाढ देशातल्या राज्यांत आणि केंद्रशासित प्रदेशांत सर्वाधिक होती. दर हजार पुरुषांमागे १९९१ मध्ये ९५२ स्त्रिया होत्या, २०११ मध्ये ७७४ उरल्या. वारली, कोकणा, धोडिया आदी अनुसूचित जमातींचा लोकसंख्येतला वाटा याच वीस वर्षांत सुमारे ७९ टक्क्यांवरून ५२ टक्क्यांवर आला. तिन्ही आकडे एकच गोष्ट सांगतात. इथे काम होते, आणि ते करायला उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा, महाराष्ट्रातून माणसे आली. त्यांत तरुण पुरुष अधिक होते. म्हणूनच तरुणांसाठीच्या रोजगार योजनांचे मूल्यमापन कसे करावे, हा प्रश्न सिल्वासात उभा राहून विचारला की आपल्या नेहमीच्या मोजपट्टीतली खोट लगेच लक्षात येते.

ही नेहमीची मोजपट्टी सर्वांच्या परिचयाची आहे. किती जणांनी नाव नोंदवले, किती जणांना प्रमाणपत्र मिळाले आणि त्यांपैकी किती जणांना नोकरी लागली, या तीन आकड्यांवर बहुतेक योजनांचे वार्षिक अहवाल उभे असतात. तिसरा आकडा, ज्याला सरकारी भाषेत प्लेसमेंट म्हणतात, तो सर्वांत महत्त्वाचा मानला जातो. तो मोठा असला की योजना यशस्वी, लहान असला की अपयशी. हे आकडेदेखील धड ठेवले जात नाहीत, ही तक्रार जुनी आणि रास्त आहे. ग्रामीण तरुणांना स्वयंरोजगाराचे प्रशिक्षण देणारी ट्रायसेम योजना १९७९ साली सुरू झाली. १९९३ च्या केंद्रीय पाहणीत प्रशिक्षण घेतलेल्यांपैकी जवळजवळ निम्मे नंतरही बेकारच असल्याचे आढळले आणि १९९९ साली ती दुसऱ्या योजनेत विलीन झाली. २०१५ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेवरचा कॅगचा अहवाल डिसेंबर २०२५ मध्ये संसदेत मांडला गेला. लाभार्थ्यांच्या दहापैकी नऊहून अधिक नोंदींत बँक खात्याचा रकाना कोरा, शून्य किंवा निरर्थक होता, आणि अल्प मुदतीच्या प्रशिक्षणातून प्रमाणपत्र मिळालेल्यांपैकी सुमारे ४१ टक्क्यांनाच नोकरी मिळाल्याची नोंद होती, असे त्यात म्हटले आहे. या अहवालांवर टीका होते ती ‘एवढेच का?’ अशी. पण ४१ च्या जागी ८० टक्के असते, आणि प्रत्येक नोंद चोख असती, तरी योजनेने काय साधले हे आपल्याला कळले असते का? नसते कळले.

कारण ‘नोकरी लागली’ आणि ‘योजनेमुळे नोकरी लागली’ ही दोन वेगळी विधाने आहेत. कोंबडे झाकले तरी उजाडायचे राहत नाही, हे आपण म्हणीतून शिकलेलो आहोत. रोजगार योजनेच्या अहवालात मात्र पहाट झाली की श्रेय कोंबड्याच्या नावे मांडले जाते. समजा, सिल्वासात १०० तरुणांना तीन महिन्यांचे प्रशिक्षण दिले आणि सहा महिन्यांनी त्यांतले ७० जण कामावर होते. आता त्यांच्यासारखेच वय, शिक्षण आणि घरची स्थिती असलेले, पण प्रशिक्षण न घेतलेले १०० तरुण पाहिले आणि त्यांतले ६६ जण कामावर आढळले, तर योजनेची कमाई ७० नव्हे, चार आहे. उरलेल्या ६६ जणांना ठेकेदाराच्या ओळखीने, गावातल्या कोणाच्या शब्दावर किंवा कारखान्याच्या फाटकावर उभे राहून काम मिळालेच असते. तरुणांच्या बाबतीत ही फसगत आणखी सहज होते, कारण वय हेच त्यांच्या बाजूने काम करत असते. अठराव्या वर्षी रिकामा असलेला मुलगा एकविसाव्या वर्षी बहुधा काहीतरी करत असतोच. अर्थतज्ज्ञ ऑर्ली अॅशेनफेल्टर यांनी १९७८ साली अमेरिकेतल्या आकडेवारीवरून दाखवले होते की, प्रशिक्षणाला येणाऱ्यांची कमाई येण्याच्या थोडे आधी घसरलेली असते. माणूस अडचणीत येतो म्हणूनच तर नाव नोंदवतो. ती कमाई नंतर काही अंशी आपोआप सावरते. म्हणून ‘आधी’ आणि ‘नंतर’ यांची तुलना जवळजवळ नेहमीच योजनेला हवे त्यापेक्षा जास्त गुण देते. खरी तुलना ‘योजना असताना’ आणि ‘योजना नसताना’ यांची हवी.

हा हिशेब परदेशी पुस्तकातला आहे असे वाटण्याचे कारण नाही. महाराष्ट्राच्या रोजगार हमी योजनेवर तो ऐंशी-नव्वदच्या दशकातच मांडला गेला. गौरव दत्त आणि मार्टिन रॅव्हेलियन यांनी सोलापूर जिल्ह्यातले शिरापूर आणि अकोला जिल्ह्यातले कान्झरा या दोन गावांतल्या कुटुंबांच्या वेळेच्या नोंदी तपासल्या आणि १९९४ साली निष्कर्ष प्रसिद्ध केला. हमीच्या कामावर जाणारा माणूस तो दिवस एरवी कसा घालवत होता, हा त्यांचा प्रश्न होता. शेतमजुरी सोडून तो आला असेल, तर ती बुडालेली मजुरी वजा करायला हवी. दोन्ही गावांचा विचार करता बुडालेले उत्पन्न हमीच्या मजुरीच्या सुमारे पाव भागाएवढे निघाले. म्हणजे रुपयातले बारा आणे खरोखर नवे होते. योजनेच्या बाजूने हा भक्कम पुरावा ठरला, आणि तो भक्कम ठरला कारण वजाबाकी आधीच करून झाली होती. ‘इतके मनुष्यदिवस काम दिले’ एवढेच सांगितले असते, तर टीकाकाराला ‘ते एरवीही राबलेच असते’ असे म्हणायला मोकळीक राहिली असती.

जगभरात अशी वजाबाकी करून पाहिलेले शेकडो अभ्यास आता हाताशी आहेत, आणि त्यांचा एकत्रित सूर उत्साहावर थोडे पाणी टाकणारा आहे. जागतिक बँकेतले डेव्हिड मॅकेन्झी यांनी २०१७ साली विकसनशील देशांतल्या अभ्यासांचा आढावा घेतला. दर १०० जणांना व्यवसाय प्रशिक्षण दिले, तर त्यांतल्या दोन-तीन जणांनाच अशी नोकरी मिळते, जी त्यांना एरवी मिळाली नसती, असा त्याचा मथितार्थ. डेव्हिड कार्ड, योखेन क्लूव्ह आणि आंद्रेआ वेबर यांनी २०१८ साली दोनशेहून अधिक अभ्यास एकत्र पाहिले. पहिल्या वर्षात परिणाम सरासरी शून्याच्या आसपास राहतो, प्रशिक्षणाचा लाभ दिसायला दोन-तीन वर्षे लागतात, आणि स्त्रियांना तो अधिक मिळतो, हे त्यांना दिसले. अमेरिकेत ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस जेटीपीए या मोठ्या प्रशिक्षण योजनेची चाचणी झाली. प्रौढांना थोडा फायदा झाला, पण शाळा सोडलेल्या तरुणांच्या कमाईत काहीच भर पडली नाही. याउलट कोलंबियातल्या ‘जोवेनेस एन अक्सिओन’ या योजनेत २००५ साली अर्जदार जागांपेक्षा जास्त होते म्हणून चिठ्ठ्या टाकून निवड केली गेली. वर्गात शिकवून झाल्यावर कंपनीत प्रत्यक्ष काम, अशी तिची रचना होती. तिथे तरुणींची कमाई सुमारे २० टक्क्यांनी वाढली. तरुणांच्या बाबतीत फरक क्षीण होता. दिल्लीच्या गरीब वस्त्यांतल्या स्त्रियांसाठी चालवलेल्या शिवणकाम वर्गाच्या अशाच चाचणीतही दीड वर्षानंतर कामाचे तास आणि उत्पन्न वाढलेले आढळले. म्हणजे योजना फुकट जातात असा पुरावा नाही. काही योजना काही लोकांसाठी चांगल्या चालतात, आणि त्या कोणत्या व कोणासाठी हे प्लेसमेंटच्या आकड्यातून कधीच कळत नाही.

आता पुन्हा सिल्वासाकडे वळू. इथल्या तरुणाला ‘काम’ मिळणे कठीण नाही. कठीण आहे ते हेल्परच्या वर चढणे. ठेकेदाराकडून हेल्पर म्हणून लागणे, बारा तासांची पाळी, काही महिन्यांनी काम सुटणे, दुसऱ्या फाटकावर पुन्हा हेल्पर, या चक्रात फिरणारा मुलगा कोणत्याही दिवशी पाहणी केली तर ‘रोजगारात’च सापडेल. त्याला तीन महिने शिकवून पुन्हा त्याच कामावर पाठवले, तर अहवालात एक प्लेसमेंट वाढते आणि त्याच्या आयुष्यात काहीही बदलत नाही. तोच आकडा सीमेपलीकडे पालघर जिल्ह्यातल्या जव्हार-मोखाड्यात वेगळा अर्थ घेतो. तिथे जवळपास कारखाने नाहीत, भातशेती संपली की कुटुंबेच्या कुटुंबे वीटभट्टीवर स्थलांतर करतात. तिथल्या १०० तरुणांपैकी ३० जणांना वर्षभर टिकणारी नोकरी लागली, तर ते सिल्वासातल्या ७० पेक्षा कितीतरी मोठे काम आहे. तरीही रकान्यात ७० हा आकडा ३० च्या वर बसतो. दीनदयाळ उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजनेने प्लेसमेंट मोजण्यासाठी किमान तीन महिने नोकरीत टिकण्याची अट घातली, हे पाऊल योग्य होते. पण तीन महिन्यांचा पल्ला फार छोटा आहे, आणि ‘एरवी काय झाले असते’ हा प्रश्न तीही अट विचारत नाही.

चुकीच्या मोजपट्टीचा दोष अहवालापुरता राहिला असता तर फार बिघडले नसते. मोजपट्टी चुकली की पैसा चुकीच्या जागी जातो, हे खरे नुकसान आहे. प्रशिक्षण संस्थेला अनुदानाचा हप्ता प्लेसमेंटवर मिळत असेल, तर ती कोणाला वर्गात घेईल? ज्याला नोकरी हमखास लागेल त्याला. बारावी झालेला, हिंदी सफाईने बोलणारा, सिल्वासा शहरात राहणारा मुलगा तिला हवा असतो. खानवेलच्या पलीकडे दुधनी किंवा मांदोनीकडची दहावीत शाळा सुटलेली वारली मुलगी तिला जोखीम वाटते: शाळेतली भाषा तिच्या घरच्या बोलीपासून दूर, बसची वेळ पाळीच्या वेळेशी जुळत नाही, रात्रपाळीला घरचे पाठवणार नाहीत. पहिल्याला योजनेविना काम मिळाले असते, दुसरीला मिळाले नसते; म्हणजे योजना काही घडवू शकते ती दुसरीच्याच बाबतीत. कोलंबियाच्या अभ्यासात स्त्रियांना जास्त लाभ का दिसला, याचे एक कारण बहुधा हेच असावे. त्यांची ‘एरवी’ची पातळी खाली होती. प्लेसमेंटच्या टक्केवारीवर बक्षीस देणारी व्यवस्था नेमकी उलटी निवड करायला लावते, आणि ज्यांना गरज सर्वांत कमी त्यांच्याकडे योजना ओढली जाते.

नोकरी देऊ केली म्हणजे ती हवीच असते, हे गृहीतकही तपासायला हवे. ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान इंटर्नशिप योजनेच्या पहिल्या फेरीत कंपन्यांनी सुमारे १ लाख २७ हजार जागा जाहीर केल्या. सुमारे ८२ हजार तरुणांना बोलावणे गेले, २८ हजारांनी ते स्वीकारले आणि प्रत्यक्ष रुजू झाले सुमारे ८,७००. महिना ५,००० रुपयांत परगावी खोली, खानावळ आणि प्रवास कसा भागणार, असा हिशेब तरुणांनी मांडला असेल, तर तो चुकला असे कोण म्हणेल? बिहार आणि झारखंडमध्ये ग्रामीण कौशल्य योजनेच्या प्रशिक्षणार्थ्यांवर झालेल्या एका प्रयोगात काही तुकड्यांना नोकरी कुठे असेल, पगार किती, राहण्याची सोय कशी, याची खरी माहिती आधीच दिली. अशा तुकड्यांतले तरुण लागलेल्या नोकरीत अधिक टिकले. ज्यांच्या अपेक्षा फार उंच होत्या त्यांतले काहीजण आधीच बाजूला झाले, आणि उरले ते समजून-उमजून गेले. खर्च जवळजवळ नगण्य. प्लेसमेंट मोजणाऱ्या अहवालात मात्र हा सुधार दिसलाच नसता; उलट वर्ग सोडून गेलेली मुले म्हणून तो उणिवेत धरला गेला असता.

आणखी एक वजाबाकी आहे, आणि ती सर्वांत अवघड. एकाला लागलेली नोकरी दुसऱ्याची गेलेली असू शकते. फ्रान्समध्ये सुशिक्षित बेरोजगार तरुणांना नोकरी शोधायला मदत करणाऱ्या योजनेची चाचणी ब्रुनो क्रेपाँ, एस्तेर दुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २३५ रोजगार क्षेत्रांत घेतली. मदत मिळालेल्यांना आठ महिन्यांनी स्थिर नोकरी मिळण्याचे प्रमाण वाढलेले दिसले, पण त्याच भागातल्या मदत न मिळालेल्या तरुणांची संधी काही अंशी घटली होती, आणि वर्षभरात हा लाभही विरला. सिल्वासात हेल्परच्या एका जागेसाठी स्थानिक तरुण पुढे सरकला की परप्रांतातून आलेला दुसरा तरुण मागे पडणार. काहीजण म्हणतील, भूमिपुत्राला प्राधान्य हाच तर आमचा हेतू. तो हेतू राजकीयदृष्ट्या मांडता येतो आणि त्यावर वादही घालता येतो. फक्त त्याला रोजगारनिर्मिती म्हणू नये. फिटर, इलेक्ट्रिशियन, यंत्रदुरुस्तीचे तंत्रज्ञ अशा जागांचे गणित वेगळे असते. जाणकार माणूस न मिळाल्याने जागा रिकामी राहत असेल, तर तिथे लागलेला प्रत्येक तरुण कोणाचाही घास न घेता भर घालतो. हेल्परची भरती आणि कुशल कारागिराची घडण यांची एकाच रकान्यात बेरीज करणे म्हणूनच दिशाभूल करणारे आहे.

या सगळ्यावर आक्षेप आहेत, आणि त्यांतले काही वजनदार आहेत. पहिला नैतिक: तुलनेसाठी काही तरुणांना मुद्दाम वंचित ठेवायचे का? मुद्दाम कोणालाच ठेवायचे नाही. जागांपेक्षा अर्ज जास्त असतात तिथे काहींना नकार मिळतोच. तो ओळखीवर मिळण्यापेक्षा चिठ्ठी टाकून मिळणे अधिक न्याय्य आहे, आणि त्यातून तुलनेचा गट आपोआप तयार होतो. गुणवत्ता यादीवर प्रवेश देणाऱ्या आयटीआयमध्ये तर चिठ्ठीचीही गरज नाही. शेवटच्या गुणाने आत आलेला आणि एका गुणाने बाहेर राहिलेला, हे दोघे जवळपास सारखेच असतात. तीन वर्षांनी ते कुठे आहेत हे पाहिले की पुरते. दुसरा आक्षेप खर्चाचा. दारोदार पाहणी महाग असते हे खरे, पण कारखान्यांतली औपचारिक नोकरी भविष्य निर्वाह निधीच्या खात्यात महिन्या-महिन्याला नोंदली जाते, आणि २०१४ पासून प्रत्येक सभासदाला नोकरी बदलली तरी न बदलणारा एकच क्रमांक असतो. नावे झाकून ही नोंद प्रशिक्षणाच्या नोंदीशी जोडली, तर कोण किती महिने टिकला आणि त्याचा पगार वाढला का, हे कागदावर येते. ठेकेदाराकडच्या ज्या कामगारांचा पी.एफ. भरलाच जात नाही ते यातून निसटतील. त्यांच्यासाठी थोड्या जणांची फोनवर पाहणी करावी लागेल. शिवाय पी.एफ. सुरू होणे हीच गोष्ट इथे प्रगतीचे एक मोजमाप आहे.

तिसरा आक्षेप असा की, सगळेच पैशांत मोजता येत नाही. प्रशिक्षणातून आत्मविश्वास येतो, मुलगी घराबाहेर पडते, चारचौघांत बोलू लागते. हे खरे आहे आणि तेही मोजावे. लग्नाचे वय, स्वतःच्या नावावरचे बँक खाते, पुढचे शिक्षण या गोष्टी विचारता येतात. मात्र हा युक्तिवाद प्लेसमेंट घसरल्यावरच आठवत असेल तर तो पळवाट ठरतो. योजनेचा तो हेतू असेल तर सुरुवातीलाच लिहून ठेवावा. चौथा आक्षेप राज्यकर्त्यांचा: तरुण आज रस्त्यावर आहेत, तीन वर्षे थांबून निष्कर्ष काढायला वेळ कुठे आहे? योजना थांबवा असे कोणी म्हणत नाही. ती चालू असतानाच मोजायची आहे. महाराष्ट्रात २०२४ साली सुरू झालेल्या मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजनेचे उदाहरण घ्या. बारावी झालेल्यांना महिना ६,०००, आयटीआय-पदविकाधारकांना ८,००० आणि पदवीधरांना १०,००० रुपये विद्यावेतन, मुदत सहा महिने. मुदत संपत आली तेव्हा प्रशिक्षणार्थ्यांनी आंदोलने केली, मुदत ११ महिन्यांवर गेली, आणि कायम करा ही मागणी उरलीच. विद्यावेतन थांबल्यावर वर्षभराने या तरुणांची स्थिती अर्ज करूनही संधी न मिळालेल्यांपेक्षा किती बरी असेल, हे मोजण्याची तजवीज पहिल्या दिवशीच केली असती, तर मुदतवाढ द्यावी की त्याच पैशात आणखी तरुण घ्यावेत, या वादात सरकार आणि तरुण दोघांच्याही हाती आधार असता.

सिल्वासाला हे करून पाहण्याची सोय इतर कोणत्याही जिल्ह्यापेक्षा अधिक आहे. प्रदेश लहान आहे, कारखाने मोजक्या पट्ट्यांत आहेत, सरकारी आयटीआय आणि इथल्याच कराड गावातले तंत्रनिकेतन हाकेच्या अंतरावर आहे, आणि २६ जानेवारी २०२० पासून दमण-दीवसह एकच प्रशासन आहे. एका वर्षातली संख्या लहान पडेल हे खरे. तीन-चार वर्षांच्या तुकड्या एकत्र केल्या की ती अडचण बरीचशी दूर होते. वार्षिक अहवालात आजच्या एका टक्केवारीऐवजी चार ओळी असाव्यात. प्रशिक्षण घेतलेले आणि न घेतलेले यांच्यातला फरक. एक आणि तीन वर्षांनी टिकलेले किती. हेल्परवरून कुशल कामगाराच्या जागी गेलेले किती. आणि हे तिन्ही आकडे स्त्रियांसाठी, आदिवासींसाठी व खानवेल भागासाठी वेगळे. पहिल्या वर्षी हे आकडे आजच्या जाहिरातीतल्या आकड्यांपेक्षा फार लहान दिसतील आणि कोणाला तरी ते लाजिरवाणे वाटतील. तेवढी लाज सोसायची तयारी प्रशासनाने दाखवावी, कारण शंभरातल्या चार जणांचे आयुष्य खरोखर बदलणारी योजना कोणती हे एकदा कळले, की पुढच्या वर्षी ते आठ करण्याचा मार्ग शोधता येतो. सत्तर या आकड्यावर समाधान मानले, तर शोधण्यासारखे काही उरतच नाही.